माणसं चांगली आहेत

एप्रिल सरत आला होता, तरी एर्लांगेनमध्ये सकाळी स्वेटर लागत असे. मनोरमाबाईंनी नातीला दुपट्यात गुंडाळले, टोपी घातली आणि बाबागाडी लिफ्टमधून खाली आणली. मुलगा कपिल वैद्यकीय यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. तो आठ वाजताच सायकलवरून गेला होता. सून शिवांगी बाळंतपणातून अजून सावरत होती. सांगलीहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या मनोरमाबाईंचे दिवस तेल, शेक, धुरी आणि डिंकाचे लाडू यांत जात. सकाळचा बागेतला एक तास तेवढा त्यांचा स्वतःचा असे.

त्या दिवशी बाकावर बसताक्षणीच बाळाने भोकाड पसरले. काही केल्या थांबेना. तेवढ्यात शेजारच्या बाकावरून आवाज आला, "रडू नको गो बाय, आजी हाय ना तुझी."

मनोरमाबाई दचकून वळल्या. आखूड पांढरे केस, अंगात जाडा हिरवा कोट, मांडीवर कागदांचा गठ्ठा. साठीच्या आसपासची बाई होती.

"तुम्ही रत्नागिरीकडच्या का?"

"नाय गो. कराचीची." ती हसली. "माझी आजी बाणकोटची. आजोबा जहाजावर खलाशी होता, कराचीला उतरला तो तिकडंच ऱ्हायला. आजीच्या तोंडची भाषा माझ्या तोंडात ऱ्हायली. झुलेखा मुकादम माझा नाव."

कराची म्हणताच मनोरमाबाईंनी बाबागाडी जवळ ओढली. पण परक्या मुलुखात सात आठवड्यांच्या बाळाशी आपल्या बोलीत बोललेल्या बाईकडे पाठ फिरवणे त्यांना जमले नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम त्याच बाकावर गेल्या. मग रोजच जाऊ लागल्या.

झुलेखाबाईंची हकीकत त्यांना तुकड्यातुकड्यांनी समजत गेली. एकोणिसाव्या वर्षी त्या कराचीतल्या एका उर्दू दैनिकात मुद्रितं तपासायला लागल्या. तेव्हा तिथे वर्तमानपत्र हाताने लिहून छापत. सुलेखन करणारे कातिब ओळीने बसत आणि त्यांच्या मागे बसून ही पोर चुका धरी. लग्न झालं की जाईल, असे सगळे म्हणत. तिने लग्न केले नाही आणि ती गेलीही नाही. सव्वीस वर्षांनी त्याच दैनिकाच्या संपादकाच्या खुर्चीवर बसली. दर शुक्रवारी तिने एक सदर सुरू केले. इभ्रतीच्या नावाखाली घरच्यांनीच मारलेल्या बायकांचे सदर. पोलिसांच्या कागदावर 'अपघात', 'आत्महत्या', 'एक महिला' एवढेच असे. झुलेखाबाई बातमीदाराला गावात धाडत आणि बजावत, नाव आण, वय आण, ती काय शिकत होती ते आण. नऊ वर्षे सदर चालले. त्याचे पुस्तक झाले. मग धमक्या आल्या, आणि एका सकाळी कचेरीसमोर त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वाचल्या, ड्रायव्हरचा डावा हात कायमचा निकामी झाला. मालकाने हात जोडून सांगितले, बाई, सदर बंद करा. झुलेखाबाईंनी राजीनामा दिला. जर्मनीतल्या एका लेखक-संस्थेने वर्षभरासाठी बोलावले होते. त्याला आता चार वर्षे झाली. दोन खोल्यांत राहत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुसरे पुस्तक लिहीत.

"धाडसी आहात हो तुम्ही," मनोरमाबाई म्हणाल्या.

बाळाची टोपी सरळ करत झुलेखाबाईंनी विचारले, "तुला पोरा किती गो?"

"एकच. कपिल."

उत्तर सवयीने तोंडातून गेले. सहा वर्षे त्या हेच उत्तर देत होत्या. पण समोरची बाई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर लोकांच्या बोलण्यातले गाळलेले शब्द शोधलेली बाई ती! मनोरमाबाई गडबडीने उठल्या. पुढचे चार दिवस त्या बागेकडे फिरकल्या नाहीत.

पाचव्या दिवशी कपिलने जेवताना सांगितले, "आई, रविवारी रेगेन्सबुर्गहून राजनकाका आणि कुमुदिनीकाकू येताहेत. आपल्या मराठी मंडळातले. तीस वर्षं झाली त्यांना इथे. बाळाला बघायला येतील, आणि…" त्याने घास खाली ठेवला. "काकूंची भाची आहे कराडला, साधना. तिचं रुपेशशी ठरतंय."

मनोरमाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

शिवांगीने विचारले, "कोण रुपेश?"

"ताईचा नवरा," कपिल पटकन म्हणाला. "ताई आजारपणात गेली ना, त्यानंतर त्याने लग्न केलं नव्हतं." शिवांगी बाळाला घ्यायला आत गेली तसा तो खालच्या आवाजात म्हणाला, "काकू तुला विचारतील. माणसं चांगली आहेत, एवढंच सांग. बाबांनी तेव्हा सही केली आहे. पोलिसांचा कागद आहे. आता उकरून काय मिळणार?"

विभावरी मनोरमाबाईंची थोरली. फलटणला दिली होती. लग्नात सासरच्यांना गाडी हवी होती, ती दिली. मग पुण्यात फ्लॅट हवा झाला. २०१०च्या संक्रांतीला विभावरी एकटीच बॅग घेऊन सांगलीला आली. मनगटावर काळेनिळे वळ होते. मनोरमाबाईंनी तिला गुळाची पोळी वाढली, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "अगं, सुरुवातीला सगळीकडे थोडंफार असतंच. तू आता गेली नाहीस तर लोक काय म्हणतील?" तिसऱ्या दिवशी स्वतः एसटीत बसवून दिले. त्यानंतर तीन आठवड्यांनी फोन आला. पदर पेटला. कपिलचा जर्मनीचा व्हिसा तेव्हाच व्हायचा होता. पोलीसकेस झाली तर सगळेच लटकेल, असे भाऊबंद म्हणाले. मनोरमाबाईंचे यजमान श्रीधरराव यांनी जबाब दिला. कोणावर संशय नाही, मुलगी सुखात होती. खाली सही केली. दोन वर्षांनी तेही गेले. शेवटचा महिनाभर ते उजव्या हाताने जेवत नसत. का, ते मनोरमाबाईंनी कधी विचारले नाही.

शनिवारी त्या बाबागाडी घेऊन थेट झुलेखाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "मला दोन मुलं. एक मुलगी होती."

सगळे सांगून झाले. रडणे मात्र आले नाही. झुलेखाबाईंनी चहा पुढे सरकवला.

"मला तू धाडसी बोललीस त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "आता ऐक. माझ्या भावाची पोर होती, नर्गिस. कॉलेजातल्या एका पोराला चिठ्ठी लिवलान, तेवढाच तिचा गुन्हा. भाऊ रात्रपाळीला माझ्या टेबलापाशी आला. बोलला, आपा, घराची अब्रू तुझ्या हातात हाय. मी संपादक व्हते गो! माझ्या हातानं दोन ओळी लिवल्या. स्टोव्हचा भडका उडून तरुणी दगावली. नाव नाय, गाव नाय. त्याच्यानंतर सहा महिन्यांनी ते शुक्रवारचं सदर काढलं. शेकडो पोरींची नावं छापली, पण आमच्या घरातला नाव हितं येईपर्यंत लिवलं नाय. हितं आल्यावर पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातलं. भावानं संबंध तोडलान. अम्मी गेली तेव्हा फोनसुद्धा केला नाय."

मनोरमाबाई कपाकडे बघत होत्या. "मी काय करू?"

"ता मी नाय सांगायची. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, मी स्वतः लपवलं. तू तुझा बघ."

रविवारी राजन आणि कुमुदिनी आले. बाळाला झबले, येताना बेकरीतला सफरचंदाचा कुखन, म्हणजे तिकडचा केक. राजनराव ट्रेनला झालेल्या उशिरावर बराच वेळ बोलले. कॉफीचे कप भरले गेले आणि कुमुदिनीबाई मनोरमाबाईंच्या जवळ सरकल्या.

"मनोरमाताई, तुम्हाला विचारताना जीभ रेटत नाही. तुमची लेक त्या घरात होती. पण तुमच्याइतकं त्या घराला कोण ओळखणार? आमची साधना सत्तावीसची आहे, बँकेत नोकरी करते. साखरपुडा झालाय. माझी बहीण म्हणाली, एकदा त्यांच्या तोंडून ऐकलं की निर्धास्त झाले. कशी आहेत माणसं?"

कपिल सुरीने कुखनचे तुकडे करत होता. त्याचा हात थांबला.

"त्यांनी माझ्या मुलीला जाळलं," मनोरमाबाई म्हणाल्या.

सुरी बशीवर आपटली.

"आई!" कपिल ओरडला.

"फ्लॅटसाठी मारायचे तिला. ती माझ्याकडे आली होती, मी परत पाठवली. मग जाळली. आम्ही तक्रार केली नाही. आम्ही लिहून दिलं की ती सुखात होती."

शिवांगी दारात बाळाला घेऊन उभी होती. "कपिल, तू मला न्यूमोनिया सांगितलं होतंस," ती हळूच म्हणाली.

राजनरावांनी चष्मा काढून पुसला. "आल्झो… म्हणजे, बघा, ही फार गंभीर गोष्ट आहे. पोलिसांनी अपघात म्हटलंय ना? मग आपण असं कसं… हॉल ठरलाय, पत्रिका छापून झाल्यात."

"अहो, थांबा जरा," कुमुदिनीबाई म्हणाल्या, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. त्या मनोरमाबाईंना म्हणाल्या, "आत्ता सांगताय होय हे? सहा वर्षं गप्प बसलात आणि नेमकं आमच्या वेळेला?"

"तुमच्याच वेळेला विचारलं कोणीतरी," मनोरमाबाई म्हणाल्या. "साधनाला माझा नंबर द्या."

"तिला कशाला मध्ये घ्यायचं? तिच्या वडलांना सांगू आम्ही, बघतील ते."

पाहुणे कॉफी अर्धी टाकून उठले. दार लागल्यावर कपिलने आईकडे पाठ फिरवली. "बाबांना खोटं ठरवलंस तू. मला पण. मी त्या व्हिसावर इथे आलो, हे माहीत असून."

"माहीत आहे रे. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही. तुला वाटतं तसं तुझ्यासाठी नव्हतं ते. मीच तिला एसटीत बसवली होती, ते मला झाकायचं होतं."

कपिल सायकल घेऊन निघून गेला.

वडलांना सांगून साधनापर्यंत काही पोचणार नाही, हे मनोरमाबाईंना कळत होते. दुसऱ्या दिवशी त्या झुलेखाबाईंच्या टेबलाशी पत्र लिहायला बसल्या. या वेळी शिवांगीही बाळाला घेऊन बरोबर आली. पहिला मजकूर चार पाने झाला. झुलेखाबाईंना देवनागरी येत नव्हती. त्या म्हणाल्या, "वाच," आणि पेन्सिल हातात घेऊन ऐकत बसल्या.

"'त्या नराधमांनी माझ्या फुलासारख्या…'"

"काट. नराधम काट, फूल काट. तारीख घाल. ती कोणत्या गाडीनं आली, वळ कुठल्या हातावर व्हते, ता घाल. विशेषण वाचून कोणी जागचा हलत नाय."

पाने चाराची दीड झाली. मनोरमाबाईंनी कागद खाली ठेवला तेव्हा झुलेखाबाई म्हणाल्या, "अजून एक वाक्य ऱ्हायला."

"कुठलं?"

"तुझा."

मग मनोरमाबाईंनी लिहिले: 'तिला राहायचे होते. मी तिला परत पाठवले.' खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. शिवांगीने फेसबुकवर कराडची साधना शोधली आणि पत्राचे फोटो पाठवले.

आठ दिवस काही आले नाही. फक्त साधनाच्या वडलांचा फोन आला. आमच्या मुलीचा संसार व्हायच्या आत मोडता, तुमची मुलगी गेली म्हणून दुसऱ्यांचं बघवत नाही, असे बरेच काही ते बोलले. मनोरमाबाईंनी सगळे ऐकून घेतले. कपिल घरात होता, तो मध्ये पडला नाही.

नवव्या दिवशी साधनाचा फोन आला. आवाज लहान मुलीसारखा होता.

"काकू, मी रुपेशना सरळ विचारलं, संक्रांतीला विभावरी माहेरी का गेली होती? तर म्हणाले, तुला हे कोणी सांगितलं? खोटं आहे असं नाही म्हणाले." ती थांबली. "मी नाही म्हणून सांगितलंय. घरी कोणी बोलत नाही माझ्याशी. आईसुद्धा."

"बाळा…"

"एक विचारू? तुम्ही तिला का पाठवलंत?"

मनोरमाबाईंनी खूप शोधले. लोक, रीत, नशीब, सगळे शब्द जिभेवर येऊन गेले. "मला तुझ्याएवढं धैर्य नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. पलीकडून हुंदका आला की फोन कट झाला, ते त्यांना समजले नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा व्हिसा संपला. बानहोफवर, म्हणजे तिथल्या रेल्वे स्टेशनवर, झुलेखाबाई आल्या होत्या. त्यांनी मनोरमाबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "तुझ्याजवळ परतीचा तिकीट हाय. मला कराचीला जाता येत नाय. तू जा आणि तिकडं जाऊन बोल."

विमानतळावर कपिलने बॅगा तोलून दिल्या. त्या रविवारपासून तो आईशी कामापुरतेच बोलला होता. निघताना तो खाली बघत म्हणाला, "माझा जबाब लागला तर सांग. मला माहीत होतं, तेवढं मी लिहून देईन." ते त्याने मनापासून म्हटले की शिवांगीच्या आग्रहाने, हे मनोरमाबाईंना कळले नाही. त्यांनी तेवढ्यावर समाधान मानले.

सांगलीला पोचल्यावर चौथ्या दिवशी त्या एकट्याच एसटीने फलटणला गेल्या. ठाण्यातल्या हवालदाराने अर्ज दोनदा वाचला, प्रकरण बंद आहे म्हणाला, सहा वर्षं कुठे होता विचारले, आणि अखेर शिक्का मारून पोच दिली. त्या पोचेवर अजून काहीही झालेले नाही. रुपेशच्या वकिलाची बदनामीची नोटीस मात्र लगेच आली.

साधना कराडच्या त्याच बँकेत आहे. कुमुदिनीबाई कपिलच्या घरी पुन्हा आल्या नाहीत. आणि रुपेशच्या घरच्यांनी सातारा-सांगलीकडे बघणे सोडून विदर्भात स्थळे पाहायला सुरुवात केली आहे. लांबचे गाव, नवी माणसे. तिकडच्या कुठल्या तरी घरातला बाप आता ओळख काढत काढत फलटणला कोणाला तरी फोन लावील. शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, एखाद्या दूरच्या नातेवाइकाला. विभावरीचे ओरडणे भिंतीपलीकडून ऐकलेली माणसे त्या गल्लीत आजही राहतात. त्यांच्यापैकी कोणीतरी फोन उचलील, आणि पलीकडून विचारले जाईल, माणसं कशी आहेत हो?