छत्री जिथे, आपण तिथे

मित्रांनो, मी छत्री आहे, पण पाऊस कसा असतो ते मला विचारू नका. कारखान्यात मला मूठ बसवणारा कारागीर म्हणाला होता, "हा लाल रंग पावसात काय उठून दिसेल." तेवढ्यावर मी मनातल्या मनात चिंब भिजून घेतलं. मग एका गाईडने मला विकत घेतलं. तो माणसांना बसमधून वाळवंट दाखवायचा. माझ्या स्वप्नांवर पाणी पडलं असंही म्हणता येत नाही, वाळूच पडली.

पण काम मोठं मानाचं होतं. बस थांबली की गाईड मला उघडून उंच धरायचा आणि चालू लागायचा. सगळी मंडळी माझ्यामागे. प्रत्येक सहलीच्या पहिल्या दिवशी तो बजावायचा, "माझं तोंड विसरलात तरी चालेल, ही छत्री विसरू नका. छत्री जिथे, आपण तिथे." वाळवंटात जिकडे पाहावं तिकडे सारखंच दिसतं. त्यामुळे चांगली शहाणीसुरती माणसंसुद्धा माझ्यावर डोळे लावून चालायची. मला थोडा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

पुढे वय झालं. एक काडी मोडली, ती ड्रायव्हरने तारेने बांधली. कापड फाटलं, तिथे गाईडच्या बायकोने स्वयंपाकघरातल्या पडद्याचं फुलाफुलांचं ठिगळ लावलं. मला ते ठिगळ आवडायचं, सहल कंपनीच्या ऑफिसला आवडलं नाही. त्यांनी गाईडला एक कोरा करकरीत झेंडा दिला. त्याची काठी ओढली की लांब व्हायची, पण कापडाचा रंग अगदी वाळूचा. ज्याने तो निवडला त्याने वाळवंट चित्रातसुद्धा पाहिलं नसावं.

झेंडा आला तो एका सहलीच्या शेवटच्या दिवशी. "आजपासून झेंड्यामागे यायचं," गाईडने बसमध्ये सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. रस्ता इतका खराब होता की त्या तशाही डोलतच होत्या.

"मग हिचं काय करायचं?" ड्रायव्हरने मला सीटखाली सारत विचारलं.

"संध्याकाळी स्टँडवर पोचलो की टाकून देतो. उगाच अडगळ."

जॅक आणि जुन्या फडक्यांच्या मधे मी पडून राहिले. इतकी वर्षं ज्याच्या डोक्यावर सावली धरली, त्याच्या तोंडून अडगळ हा शब्द ऐकताना फार वाईट वाटलं.

शेवटचा थांबा मोठ्या टेकाडापाशी होता. तिथून सूर्यास्त बघायचा आणि परत फिरायचं. गाईड झेंडा घेऊन तरातरा वर गेला. मंडळी बुटांतली वाळू झटकत, टोप्या शोधत सावकाश उतरत होती. तेवढ्यात सहलीतल्या एक मावशी ड्रायव्हरपाशी आल्या. वाटेत त्यांनी पोटभर कलिंगड खाल्लं होतं.

"अहो, इथे कुठे आडोसा आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

ड्रायव्हरने चारी दिशांना पाहिलं. झुडूपसुद्धा नव्हतं. "मावशी, इथे अंधार पडल्याशिवाय आडोसा नाही," तो म्हणाला आणि त्याने मला बाहेर काढलं. "ही घ्या. तिकडे लांब जा आणि हिच्या मागे बसा."

ऊन तिरपं लागत होतं, म्हणून मावशींनी मला तिथेच उघडलं, डोक्यावर धरलं आणि टेकाडाच्या उलट दिशेने निघाल्या. घात झाला तो तिथेच.

"चला, चला, छत्री निघाली," सहलीतले हेडमास्तर ओरडले. ते निवृत्त झाले होते, पण रांग लावायची सवय सुटली नव्हती. बघता बघता सगळी बस आमच्या मागे.

मावशींनी वळून पाहिलं आणि पावलं उचलली. मंडळींनीही उचलली. काहीतरी खास दाखवायचं असल्याशिवाय कोण एवढी घाई करेल? मावशी डावीकडे वळल्या, रांग डावीकडे वळली. शेवटी त्या घायकुतीला येऊन थांबल्या, तर लोकांनी गोल रिंगण केलं आणि कॅमेरे काढले.

"इथे काय बघायचं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"इथे काही बघायचं नाही," मावशी दातओठ खात म्हणाल्या. "तिकडे तोंडं करा. आणि मी सांगेपर्यंत कुणी वळायचं नाही."

सगळे आज्ञाधारकपणे फिरले. समोर सूर्य लालबुंद होऊन वाळूवर टेकला होता. पार क्षितिजापर्यंत वाळूला तांबूस झळाळी आली होती. इतका सुंदर सूर्यास्त मीही पाहिला नव्हता, आणि तेव्हाही पाहिला नाही, कारण मी दुसऱ्या कामात होते.

तिकडे टेकाडावर गाईड एकटाच झेंडा हलवत उभा होता. वाळूत वाळूच्या रंगाचा झेंडा कुणाला दिसणार? तो धापा टाकत आमच्यापाशी आला. "इकडे यायला कुणी सांगितलं?"

"छत्रीने," सगळे एका सुरात म्हणाले.

गाईडचा पारा चढला. त्याने मला मावशींच्या हातातून ओढून घेतलं. खरं कारण तिथे एकट्या मावशींना ठाऊक होतं आणि नेमकं त्यांनाच ते सांगता येत नव्हतं. परतीच्या वाटेवर गाईड माझ्याकडे बघेचना. मी आशा सोडली.

स्टँड आलं. निरोप झाले, सामान उतरलं. गाईड मला घेऊन तडक कचऱ्याच्या पिंपाकडे निघाला. वाटेत गर्दी होती. धक्का लागू नये म्हणून त्याने हात वर केला. इतक्या वर्षांची सवय. अंगठा आपोआप कळीवर गेला आणि मी उघडले. पिंपापाशी पोचून त्याने मला मिटलं, आत टाकायला खाली वाकवलं आणि सहज मागे पाहिलं.

मागे सगळी सहल उभी होती. बॅगा, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन, रांगेत.

"इथे काय बघायचं?" हेडमास्तरांनी विचारलं.

तेवढ्यात मावशी पुढे आल्या. "टाकू नका हो हिला," त्या म्हणाल्या. "बाईमाणसाला फार उपयोगाची आहे."

गाईडने माझ्या ठिगळाकडे पाहिलं. मग त्याने मला हलकेच झटकलं आणि काखेत धरलं. "काही नाही बघायचं," तो म्हणाला. "चला, तुम्हाला फलाटापर्यंत सोडतो."

हल्ली झेंड्याच्या काठीला फडकं बांधून ड्रायव्हर बसची काच पुसतो. मी पुन्हा सगळ्यांच्या पुढे आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी जुनं, ठिगळ लावलेलं असेल. त्याला टाकायला निघालात, तर मित्रांनो, पिंपापाशी एकदा मागे वळून बघा.