धक्का कुणाचा?

मित्रांनो, मांडव्याच्या पुळणीवर सुरूच्या झाडांखाली एका कुशीवर कलंडलेला एक जुना शिडाचा मचवा तुम्ही पाहिला असेल. तो मी. लाकडाला राग येत नाही असे तुम्हांला वाटत असेल, तर माझी हकीकत ऐका.

रेवदंड्याच्या सुतारांनी मला सागाच्या फळ्यांतून घडवले. शिवदास नाखवा माझा मालक. त्याचा धाकटा भाऊ अंबाजी सुकाणू धरी. शिडात वारा भरला की आम्ही मुंबईला निघायचो. पोटात भात आणि नारळ, वर माणसे, आणि पुढे केसर कोळिणीच्या मासळीच्या पाट्या. पाट्यांचे पाणी माझ्या अंगावर गळे, पण कुणी नाक मुरडत नसे. एकदा भर समुद्रात तुफान झाले, तरी मी सगळ्यांना सुखरूप आणले. तेव्हापासून लोक मला नारळ वाढवू लागले.

मग एका कंपनीची वाफेची बोट आली. आधी तिने आमच्या निम्म्या भाड्यात माणसे नेली. आम्ही भाडे उतरवले, तेव्हा तिने फुकट नेली, वर प्रत्येकाला पेढ्यांचा पुडा दिला. मला नारळ वाढवणारेच पुडा घेऊन तिच्यावर चढले. मी धक्क्याशी रिकामा डुलत राहिलो. तो संताप अजून माझ्या फळ्यांत आहे.

पुळणीवर रोज वाद होई. शिवदास म्हणे, भाडे अमक्याच्या खाली उतरवायचे नाही असे सरकारने ठरवून द्यावे, म्हणजे मोठ्याला धाकट्याच्या पोटावर पाय देता येणार नाही. अंबाजीला ते पटत नसे.

"सरकारला बोलवू नको, दादा," तो म्हणाला. "दाराशी मिठागरं हायत, तरी मिठावर कर भरतो आपन. सरकारनं एकदा हात घातला का काढत न्हाय. ज्याचं स्वस्त त्याच्याकडं गिऱ्हाईक जानार. बाजाराची रीतच हाय ती."

"फुकट म्हंजे भाव न्हाय," शिवदास म्हणाला. "आपन बुडेपर्यंतचा डाव हाय तो."

तो अलिबागेस सरकारी साहेबाला भेटून आला. व्यापार मोकळा आहे, त्यात सरकार पडत नाही, असे साहेबाने सांगितले.

एकेक मचवा विकला गेला. शिवदासने मला विकले नाही. पुळणीवर ओढून ठेवले आणि तो मुंबईच्या गोदीत हमालीला गेला. अंबाजी त्याच बोटीवर खलाशी झाला. मला तेल लावायला कुणी उरले नाही. उन्हाने माझे सांधे उकलले.

मचवे संपल्यावर बोटीचे भाडे चढले, आमच्या जुन्या भाड्याच्या दुप्पट. कुणी कुरकुरले तर बोटवाले पोहत जा म्हणत. मग कंपनीचा हुकूम निघाला की ओली मासळी चढवायची नाही, उतारूंना वास येतो. केसर तरीही पाट्या घेऊन चढली. बोटीच्या सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, अंबाजीला पाट्या खाली फेकायला सांगितले. अंबाजीने त्या अलगद उचलून धक्क्यावर ठेवल्या, कंपनीचा डगला काढून सारंगाच्या पायाशी टाकला आणि तोही उतरला.

बोट गेली. मासळी उन्हात नासली.

"अंबाजीदादा," केसर म्हणाली, "आता सांग, माजा बाजार कुटं हाय?"

 अंबाजीने मुंबईला शिवदासला निरोप धाडला आणि तो गोदी सोडून आला. कोळिणींनी तेल आणले, भावांनी माझे सांधे कापसाने भरले. भरताना दोघे भांडतच होते, पण हात थांबले नाहीत.

पहिल्या खेपेला मला धक्क्याला लावले, तर सरकारी शिपाई आडवा आला. धक्का कंपनीला दिला आहे, दुसरे तारू लागणार नाही, म्हणाला. व्यापारात न पडणाऱ्या सरकारचा शिपाई!

"ह्यो तुजा मोकळा बाजार," शिवदास म्हणाला.

"आन ह्ये तुजं सरकार," अंबाजी म्हणाला.

"भांडन मागनं करा," केसर म्हणाली. "ओहोटी लागली."

तिने पाटी डोक्यावर घेतली आणि ती छातीएवढ्या पाण्यात शिरली. तिच्या मागे बाकीच्या शिरल्या. धक्क्यापासून दूर, लाटांत उभ्या राहून त्यांनी मला भरले. त्यानंतर माझा तळ कुजेपर्यंत कितीतरी हंगाम त्या तशाच पाण्यात उतरत होत्या. शेजारी धक्का अर्धा दिवस रिकामा असे.

मित्रांनो, बाजार मोकळा असावा की सरकारने त्याला वेसण घालावी, यावर मोठेपणी तुम्हीही भांडाल. जरूर भांडा. पण आधी धक्क्यावर जा आणि तिथून कुणाला हाकलतात ते डोळ्यांनी पाहा. तुमच्या किनाऱ्यावर अजून एखादा मचवा चालत असेल, तर तो पाण्यात आहे तोवरच त्याची कदर करा. माझ्याकडे आता लोक येतात, हळहळतात, आणि चुलीसाठी फळी काढून नेतात.