बोर्डाचं माप

एका शर्टाला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक हसलं, मीही हसले, पण आतून चरकले. उभा जन्म मशीनवर गेला माझा. असली चूक मी शिकाऊ असतानाही केली नव्हती. मग रोजच काहीतरी व्हायला लागलं. चहात मीठ पडायचं, कात्री फ्रिजमध्ये सापडायची, बेल वाजली की मी फोन उचलून "कोण?" म्हणायची. दुपारनंतर तर डोकं असं जड व्हायचं की समोरचं कापड कोणाचं आणि कशासाठी कापलंय, तेच सुचायचं नाही.

गंमत अशी, की बाजारात गेले की मी ठणठणीत. घासाघीस, हिशोब, टोमणे, सगळं जागच्या जागी. घरी येऊन शिवणाच्या खोलीत बसले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या! मला घरच बाधतंय की काय, असं वाटायला लागलं. असलं काही मी मानत नाही. पण डोकं चालेनासं झालं की माणूस काय वाटेल ते मानतो.

डॉक्टर म्हणाले, "वय झालं, काकू." अहो, वय काय एका महिन्यात होतं?

मुलगा आणि सून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. कामावर जाताना नातीला, आमच्या छकुलीला, माझ्याकडे सोडतात. ती माझा जीव की प्राण. एके दिवशी सून हळूच म्हणाली, "आई, राग मानू नका. तुम्हाला बरं वाटेपर्यंत छकुलीला पाळणाघरात ठेवू या का?"

ती चिडून बोलली असती तर मी भांडले असते. ती मऊ बोलली, तेच जास्त लागलं. "काही नको!" मी म्हणाले. "माझ्याकडे किती शहाण्यासारखी राहते ती! दुपारी झोपली की संध्याकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही." अगदी फुशारकीने सांगितलं मी. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

त्याच आठवड्यात छकुली दुपारी शिवणाच्या खोलीत माझ्याजवळ झोपली ती उठेचना. हाक मारली, हलवलं, गालावर पाणी मारलं. हात सोडला की धपकन खाली पडत होता. तिला खांद्यावर टाकून मी दार उघडायला धावले आणि उघडलं ते कपाट. आत कपडे टांगलेले. मी त्यांच्याकडे बघत उभीच राहिले. आपण इथे कशाला आलो, हेच कळेना. मग पोरीचं डोकं माझ्या गळ्यावर कलंडलं आणि मी भानावर आले. कशीबशी कडी काढून जिन्यात आले, आणि माझी ओरड ऐकून समोरचे मास्तर बाहेर आले. त्यांनीच गाडी बोलावली. वाटेत वारा लागला तशी छकुली ओकली आणि रडायला लागली. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छकुलीला बाटलीतली हवा लावली आणि मला विचारलं, "त्या खोलीची खिडकी कुठे उघडते?"

"इमारतीच्या आतल्या पोकळीत. हवेसाठी ठेवलेली असते ना, तिथे."

"आणि खाली काय आहे?"

खाली नवी लाँड्री होती. तिच्या बॉयलरचं धुराडं त्याच पोकळीत सोडलेलं होतं. त्या धुरातल्या विषाला ना रंग, ना वास. लाँड्री सुरू झाली आणि माझ्या बाह्या चुकायला लागल्या, दोन्ही एकदमच.

मी लाँड्रीवाल्याला फैलावर घेतलं. तो बिचारा घामाघूम झाला. "मावशी, शपथ, मला खरंच माहीत नव्हतं. मी तर रीतसर परवानगी काढलीय."

"कशाची?"

"दुकानाच्या नावाच्या बोर्डाची. दोन साहेब आले होते टेप घेऊन. चार बोटं जास्त भरला, तर कापायला लावला."

"आणि बॉयलर?"

"तो आणला आणि बसवला. त्याचं कोणी विचारलंच नाही."

मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. आग विझवणारे म्हणाले, आग लागली का? कारखान्यांचं खातं म्हणालं, हे दुकान आहे. दुकानांचं खातं म्हणालं, आम्ही बोर्ड बघतो. तो धूर अजून माझ्याच डोक्यात आहे की काय, अशी मला शंका आली. शेवटच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "कोणी दगावलंय का?"

"नाही."

"मग दुर्घटना झालेलीच नाही, मावशी. नोंद कशाची करू?"

आधी माप, मग कात्री, हे शिवणाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. इथे कात्री चालल्याशिवाय टेप बाहेर निघत नव्हती. माझं डोकं नुसतं भणभणलं.

शेवटी लाँड्रीवाल्यानेच भलेपणाने धुराडं दुसऱ्या बाजूला वळवलं. माझं डोकं लख्ख झालं. छकुली परत आली, आता दुपारी जेमतेम डुलकी घेते आणि मग घर डोक्यावर घेते. सुनेने न बोलता स्वतःचा ड्रेस शिवायला दिला. मला माफी पोचली.

काल मास्तरांचा शर्ट द्यायला त्यांच्या घरी गेले, छकुलीला कडेवर घेऊन. ते हसत म्हणाले, "काय सांगू, आज चहात मीठ घातलं. वय झालं!"

मी त्यांच्या खिडकीशी जाऊन वाकून बघितलं. वळवलेलं धुराडं तिच्या खालीच निघालं होतं.

"मास्तर, चला, चप्पल घाला. आधी बाहेर, आणि मग कचेरीतल्या त्या शेवटच्या खिडकीवर."

"अहो, पण मला काही झालेलंच नाही. तक्रार कशाची करायची?"

"त्याचीच करायची. काही व्हायच्या आधी कोणीतरी टेप घेऊन यायला पाहिजे की नको?"

"बरं, बरं, आलोच." मास्तर चप्पल घालायला वळले आणि त्यांनी कपाट उघडलं. आतल्या कपड्यांकडे बघत ते उभेच राहिले.

मी त्यांचा हात धरला आणि तसंच अनवाणी त्यांना जिन्यात ओढलं.