दीपगृहाचा हुंकार

संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की बंदराजवळच्या बागेत पाय ठेवायला जागा उरत नसे. मधोमध बिडाचं जुनं दीपगृह आणि त्याच्या पायथ्याशी, लोखंडाला पाठ टेकून, शाल पांघरून बसलेले हुंकारबाबा. बुडालेल्या बोटींवरच्या माणसांच्या आया-बायका रांगेने पुढे येत. "माझा माणूस आहे का?" मनोऱ्याच्या पोटातून घुमत आवाज येई, "हूंऽऽ." म्हणजे आहे. आवाज आला नाही, म्हणजे गेला.

"मी कोण सांगणारा?" बाबा म्हणत. "ह्या लोखंडाने उभा जन्म बोटी राखल्या. त्याला कंठ फुटलाय, मी नुसता टेकलोय!"

टेकणं मात्र हिशेबी होतं. ज्या घरात सोनं शिल्लक, त्या घरचा माणूस जिवंत असे. सोनं संपलं की तो चटकन बुडे.

त्या गर्दीत दातांची डॉक्टरीण सासूला धरून उभी असायची. तिचा नवरा बोटीवर इंजिनिअर होता. बोट बुडून वर्ष होत आलं होतं. सासूच्या प्रश्नाला दर वेळी हुंकार येई. मग बाबांनी अट घातली, "आई, तू रोज सुई टोचून घेतेस, ती तिकडे त्याला लागते गं." त्या दिवसापासून म्हातारीने इन्सुलिन सोडलं. पायाचा अंगठा काळा पडत चालला.

"आई, अहो, हे थोतांड आहे. पाय जाईल तुमचा."

"तुला काय होतंय बोलायला? तुला नवरा दुसरा मिळेल. मला मुलगा कुठून मिळणार?"

खरं तर हुंकार आला की डॉक्टरिणीच्याही काळजात काहीतरी हलायचं, आणि त्याचाच तिला जास्त संताप यायचा.

खुर्चीत आ वासून पडलेल्यांना बघायला काहीतरी हवं, म्हणून तिच्या दवाखान्यात दीपगृहाचा जुना फोटो लावला होता. भर समुद्रातल्या खडकावर ते उभं होतं. दार आणि दारावरची जाळी जमिनीकडे, पाठ समुद्राकडे. आयुष्यभर वादळं खाल्ली, पण ब्र काढला नाही. पुढे खडकावर दिव्याची गरज उरली नाही, तेव्हा नगरपालिकेने बोल्ट खोलून, एकेक पत्रा होडीने आणून ते बागेत पुन्हा उभं केलं. फक्त अर्धं फिरवून. उद्घाटन संध्याकाळी होतं. पाहुणे दाराशी उभे राहिले की मावळतं ऊन तोंडावर पडून फोटो झकास येतो, असा विचार कुणीतरी केला होता. फोटो झकास आलाही. जाळी मात्र कायमची वाऱ्याच्या तोंडाशी आली.

एका दुपारी बाबा झाडाखाली घोरत होते. डॉक्टरिणीने त्यांची बैठक उचलून बघितली. पाठ टेकायच्या जागी, लोखंडातच बशीएवढं पितळी झाकण, सरकतं, आणि त्याला ताजं तेल. तिने दवाखान्यातून दातांची मापं घ्यायचा गुलाबी मसाला आणला आणि झाकणाआडचं भोक दाढ भरावी तसं भरून टाकलं.

संध्याकाळी वारा सुटला. पहिलीने विचारलं. बाबांनी पाठ सरकवली. काही नाही. पुन्हा सरकवली. डासांनी फोडून काढल्यासारखे बाबा वळवळू लागले.

"आज... आज मौन आहे लोखंडाचं!"

"बाबा, जरा सरकता का?" डॉक्टरीण पुढे आली आणि शाल ओढलीच. मसाला उपसून काढल्याबरोबर मनोरा घुमला, "हूंऽऽ!"

"वरच्या जाळीतून वारा शिरतो, इथून निघतो. झाकलं की गप्प. आता मी विचारते. बाबांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत?"

"हूंऽऽ!"

"चार तर मीच उपटलेत."

हसलं कुणीच नाही. मागून एकजण किंचाळली, "मेले, माझा नवरा कालपर्यंत जिवंत होता! तू मारलास त्याला!" एक चप्पल आली, ती डॉक्टरिणीच्या कानशिलावर बसली. त्या गोंधळात बाबा शाल तिथेच टाकून पसार झाले.

सासू लंगडत पुढे आली. तिने भोकावर तळवा ठेवला. आवाज बंद. उचलला. "हूंऽऽ." ठेवला. उचलला. आहे. नाही. आहे. बराच वेळ ती मुलाला अशी मारत आणि जगवत राहिली. शेवटी तळवा तसाच दाबून ठेवला.

"मग सुई कुणाला लागत होती गं?"

"तुम्हालाच, आई. चला."

म्हातारी वाचली. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं.

बिडाला कंठ फुटत नाही, भोक असतं. त्याला आपलं माणूस ठाऊक नसतं, वारा ठाऊक असतो. तेव्हा कुणाही बाबाच्या पाया पडण्याआधी त्याला एवढंच सांगा, जरा बाजूला सरक, पाठीमागे काय आहे ते बघू दे.