नवव्या भागातली राक्षसीण

तपासनीसबाई चिडल्या की चष्मा पुसत. त्या रविवारी दुपारपर्यंत त्यांनी तो अकरा वेळा पुसला होता. आणखी एकदा पुसला असता तर काचेचा नंबर उतरला असता.

भांडण एका राक्षसिणीवरून होतं.

शहरातल्या नळांत, सिग्नलच्या दिव्यांत, टेलिफोनच्या तारांत राक्षस दडलेले आहेत आणि ‘खिळा’ या टोपणनावाचा एक गुप्तहेर त्यांना हुडकून काढतो, अशी एक कादंबरीमालिका होती. तिचे आठ भाग बाईंनी आवडीने वाचले होते. आवडीने म्हणजे हातात पेन्सिल धरून. राक्षसांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. नळात राक्षस असेल तर असेल, ते पाणीखात्याने बघावं. पण तिसऱ्या भागात खिळ्याने लिफ्टचा एक दोर कापला आणि लिफ्ट चौदा मजले धाडकन खाली आली, तेव्हा बाईंना राहवलं नाही. त्या लिफ्ट तपासणी खात्यात होत्या. त्यांनी लेखकाला पत्र लिहिलं. लिफ्टला एक दोर नसतो, पाच-सहा असतात. एक तुटला तर बाकीचे धरतात. सगळे तुटले तरी खालचे लोखंडी जबडे रुळांना चावतात आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. शेवटी लिहिलं, “मी सव्वीस वर्षं लिफ्टच्या टपावर उभी राहून रूळ बोटाने वाजवून ऐकते आहे. न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. तुम्ही मात्र न पाहिलेल्या गोष्टींवर कादंबऱ्या लिहिता.”

उत्तर आलं नाही. बाईंनी आणखी सात पत्रं लिहिली. उत्तर आलं ते थेट नवव्या भागात.

बातमी नणंदेने आणली. नणंद याच घरात राहायची, शाळेत शिवण शिकवायची आणि खिळ्याचं पुस्तक बाजारात आलं की त्याच दिवशी घेऊन यायची. ती दारातूनच ओरडली, “वहिनी, अहो तुम्ही छापून आलात!”

आल्या होत्या खऱ्या. नवव्या भागात ‘शिक्केवाली’ नावाची राक्षसीण होती. ती लिफ्टच्या टपावर राहायची, रूळ बोटाने वाजवून ऐकायची आणि आल्यागेल्याला सांगायची, “न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही.” इथपर्यंत बाईंना, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. नवऱ्याला त्यांनी ते पान मोठ्याने वाचूनही दाखवलं. मग आलं पान दोनशे चौदा. तिथे एक बिल्डर शिक्केवालीला मनगटी घड्याळ देतो, ती लिफ्ट न बघताच सही ठोकते, आणि नऊ माणसं घेऊन लिफ्ट खाली येते. तीही पुन्हा एका दोरापायी.

दुसऱ्या आठवड्यापासून, ज्या इमारतीत जावं तिथला सेक्रेटरी विचारायला लागला, “बाई, किती वाजले?” आणि स्वतःच हसायचा. ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना अचानक वेळ विचारायची हौस आली. हेही बाईंनी गिळलं असतं. पण एका नव्या इमारतीच्या कंत्राटदाराने सहीच्या रजिस्टरावर एक चौकोनी डबी ठेवली. बाईंनी उघडून पाहिली तर आत घड्याळ. तो हसत नव्हता. त्याने विनोद केलाच नव्हता. तो बिचारा वाचून आला होता.

सव्वीस वर्षांत बाईंसमोर अशी डबी ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांच्यापाशी दुसरं काय होतं? साधी राहणी, दोन दुखरे खांदे, आणि ‘या बाईपुढे काही चालत नाही’ हा लौकिक. त्या लौकिकाचं एका पानात भजं झालं होतं.

त्यांनी प्रकाशकाला कळवलं की दुसऱ्या आवृत्तीतून पान दोनशे चौदा काढा. उत्तर आलं : “वाचकांचे अभिप्राय अत्यंत अनुकूल असल्याने बदल शक्य नाही.” सोबत आमंत्रण होतं. रविवारी, वाचनालयाच्या सहाव्या मजल्यावरच्या सभागृहात, वाचक आपली मतं लेखकाला समोरासमोर सांगणार होते. दुसरी आवृत्ती सोमवारी छापायला जाणार होती.

“जाऊ नकोस,” नवरा म्हणाला. “गेलीस तर बोलू नकोस. आणि बोललीस तर उभ्याने बोलू नकोस, तुझा आवाज चढतो.”

बाई गेल्या. नणंदही गेली, कारण तिला लेखकाची सही हवी होती.

वाचनालयाची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची होती. नणंद आत शिरायला निघाली आणि बाईंनी तिच्या पदराला धरून मागे ओढलं. लिफ्टमध्ये चौकटीत परवाना लावलेला असतो. जगात तो वाचणारी माणसं मोजकी, आणि त्यातली एक इथे उभी होती. मुदत संपून चार महिने झाले होते.

“तू जिन्याने जा,” बाई म्हणाल्या.

“सहा मजले? वहिनी, आज रविवार आहे!”

“लिफ्टला रविवार नसतो.”

नणंद पुटपुटत जिना चढायला लागली. बाईंनी लिफ्ट रिकामी असल्याची खात्री केली, पर्समध्ये कायम असणारी खात्याची चावी फिरवली, दाराच्या जाळीतून तार ओवली आणि पक्कडीने शिशाची गोळी दाबून सील केलं. वरून वाचनालयाचे चिटणीस धापा टाकत खाली आले.

“अहो बाई, हे काय? दीडशे माणूस वर बसलंय! लेखक यायचेत!”

“परवाना संपलाय.”

“संपला असेल. पण लिफ्ट चालते ना? सकाळपासून चाललीये.”

“चालते की नाही ते मी पाहिलेलं नाही. उद्या दहाला वजनं आणि मेकॅनिक घेऊन येते. पाहते. मग बोलू.”

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. लेखक उतरला. बाईंनी मनात त्याचं जे रूप धरलं होतं, त्यात दात होते. हा एक बुटका, घामाघूम, मऊ चेहऱ्याचा गृहस्थ निघाला. हातात काठी होती आणि गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अकराच दिवस झाले होते. मागून प्रकाशक उतरला. लेखकाने बंद लिफ्टकडे पाहिलं, वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं, आणि तिथेच शिपायाच्या स्टुलावर बसला.

चिटणीसांनी बाईंकडे बोट दाखवलं. “या. यांनी बंद केली. लिफ्ट तपासणी खातं.”

लेखकाचा चेहरा उजळला. “म्हणजे आठ पत्रं! तुम्हीच ना?”

“मीच. पान दोनशे चौदा काढा.”

वरच्या वाचकांना एव्हाना कुणकुण लागली होती. सभा वर होईना म्हणून ती जिन्यात उतरली. सहाव्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत कठड्यावरून डोकी लोंबायला लागली. एकदा डोकी लोंबली म्हटल्यावर मतंही लोंबणारच.

“साहेब, एक विचारायचं होतं,” दुसऱ्या मजल्यावरून एक शिंपी ओरडला. “खिळ्याच्या कोटाला चौथ्या भागात आतला खिसा डावीकडे होता. सातव्यात उजवीकडे. कोट बदलला की छाती?”

“रक्त फार कमी झालंय हल्ली!” एका नर्सचा आवाज आला. “पूर्वी कसं, पानापानाला असायचं!”

“खिळ्याचं लग्न करा हो!”

“मुळीच करू नका! चांगला चाललाय!”

“गप्प बसा!” बाई ओरडल्या. आवाज जिन्यातून वर गेला आणि सहाव्या मजल्यावर आपटून परत आला. “इथे एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे आणि तुम्हाला खिशाचं पडलंय? तुम्ही सांगा,” त्या लेखकाकडे वळल्या, “मी तुमचं काय घोडं मारलं होतं? माझी वाक्यं घेतलीत, माझं काम घेतलंत. घ्या! पण घड्याळ? ते कुठल्या पत्रात लिहिलं होतं मी?”

लेखकाने काठी दोन्ही हातांत धरली. “पहिल्या खर्ड्यात ती काही घेत नव्हती,” तो म्हणाला. “बिल्डर तिच्यापुढे घड्याळ ठेवतो, बंगला ठेवतो, शेवटी स्वतःचा आत्मा काढून ठेवतो. ती म्हणते, आधी रूळ दाखव. मला फार आवडलं होतं ते प्रकरण.”

“मग?”

“छापायच्या आधी मी दहा वाचकांना वाचायला देतो. दहाही जणांनी लिहिलं, सगळं झकास, पण ही बाई पटत नाही.”

“पटत नाही म्हणजे?”

उत्तर लेखकाला द्यावं लागलं नाही. तिसऱ्या मजल्यावर भूगोलाचे एक निवृत्त मास्तर होते, ते दहांपैकीच एक होते. त्यांनी घसा साफ केला. “बाई, तुमच्यावर व्यक्तिशः रोख नाही. पण वाङ्मयाला काही संभाव्यता लागते की नाही? टेलिफोनच्या तारेत राक्षस आहे, मान्य. माझं बिल बघून मला तो पटतो. पण सहीचा अधिकार आहे आणि काहीच घेत नाही? कायच्या काय!”

जिना हसला. सहाच्या सहा मजले हसले. बाईंना ते हसू वरून खाली येताना नुसतं ऐकूच आलं नाही, ते अंगावर पडलं. इतके दिवस त्यांचा सगळा राग या बुटक्या माणसावर होता. आता तो एकट्या त्याच्यावर मावेना. ही दीडशे माणसं रोज लिफ्टने वर जात होती, वर जाऊन झोपत होती, पोरंबाळं वर पाठवत होती. त्यांचं वजन कुणीतरी खोटं न बोलता तोललं होतं म्हणून ती आज इथे कठड्यावर लोंबून हसू शकत होती. त्यांना राक्षस पटत होता. बाई पटत नव्हत्या.

“हसा,” बाई म्हणाल्या. “हसा आणि मग जिन्याने उतरा.”

“म्हणजे सूडच उगवताय!” चिटणीस म्हणाले. “पुस्तकातल्या अपमानाचा राग आमच्या लिफ्टवर!”

“परवाना मी संपवलाय का?”

चिटणीसांनी घाम पुसला. लेखकाने हात वर केला. आपल्या पिशवीतून त्याने नववा भाग काढला, पान दोनशे चौदा उघडलं, पेनने त्यावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मोठी फुली मारली आणि खाली सही केली. प्रकाशकाकडे बघून म्हणाला, “हे पान जातंय. पहिला खर्डा घालू.”

प्रकाशक म्हणाला, “घालू. उद्या छपाईच्या आत बदलून देतो.”

लेखकाने पुस्तक बाईंपुढे धरलं. “घ्या. तुमच्याकडेच ठेवा. फक्त एकदा लिफ्ट उघडा. मला वर पोचवा, की लगेच बंद करा. उतरताना बसत बसत उतरेन मी.”

बाईंनी हात पुढे केला. तो त्यांच्या नकळत पुढे गेला होता. फुलीची शाई अजून ओली होती. त्या फुलीखाली घड्याळ मेलं होतं, बिल्डर मेला होता, ऑफिसातलं हसू मेलं होतं. सहा मजली जिना श्वास रोखून बघत होता.

“एक सांगा,” बाई म्हणाल्या. “लिफ्ट चालू असती, तर काढलं असतंत हे पान?”

कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. पण लेखक थकला होता आणि त्याचा गुडघा ठणकत होता. “नाही,” तो म्हणाला. “खरं सांगू? चांगलं जमलंय ते पान.”

बाईंचा हात मागे आला. त्यांनी लेखकाच्या हातातलं पुस्तक मिटलं आणि त्याच्याच मांडीवर ठेवलं.

“मग हे घड्याळच झालं,” त्या म्हणाल्या. “लिफ्ट उद्या दहाला.”

“अहो, पण मग पान राहणार!” प्रकाशक ओरडला.

“राहू दे!”

“तुम्हीच तर मागत होता!”

“मागत होते! अजूनही मागतेय! पण सीलच्या बदल्यात नाही!” आणि त्यांचा आवाज चढला तो चढलाच. नवऱ्याने सांगितलं होतं बसून बोल म्हणून, पण एकुलत्या एका स्टुलावर लेखक बसला होता.

जिन्यात शिव्यांचा पाऊस पडला. ‘आडमुठी’ हा त्यातला सर्वांत सभ्य शब्द. मग चौघे वाचक पुढे आले आणि त्यांनी लेखकाला स्टुलासकट उचललं. दर मजल्यावर ते स्टूल खाली ठेवत, दम खात, बाईंच्या नावाने दोन शब्द सोडत आणि पुन्हा उचलत. लेखक वरून ओशाळून खाली पाहत होता. तिसऱ्या मजल्यावर मास्तरांनी त्याला पाणी दिलं.

गर्दी वर सरकली तशी त्यातून नणंद उलटी खाली उतरली. तिने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे कौतुकाने चमकत होते.

“बरं केलंत, वहिनी,” ती हळूच म्हणाली. “पहिल्याच झटक्यात हो म्हणायचंच नसतं. प्रकाशकाचं तोंड पाहिलंत का? अजून देईल तो.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “सव्वीस वर्षं एका घरात राहतोय आपण,” त्या म्हणाल्या.

“म्हणून तर विचारतेय. मला तरी सांगा, काय आहे तुमच्या मनात?”

बाईंनी लिफ्ट बंद केल्याचा कागद भिंतीला टेकवला, खाली दोन कार्बन घातले आणि ‘कारण’ या रकान्यात ‘परवान्याची मुदत संपली’ एवढंच लिहिलं. ‘संपली’ लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं की तिन्ही प्रतींतून आरपार गेलं. त्यांनी तो कागद चुरगळून पर्समध्ये टाकला, नवीन काढला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.