अण्णांचा पाय आणि मुलीचा ब्रेक

अण्णांनी सगळी हयात शहराच्या बसवर काढली. बस थांबली हे प्रवाशाला खिडकीबाहेर बघूनच कळायला हवं, असा त्यांचा बाणा. त्यांच्या बसमध्ये उभ्याने चहा पिता येतो, असं डेपोत म्हणायचे. म्हणणारे थट्टेनं म्हणायचे, पण अण्णांनी ती थट्टा प्रशस्तिपत्रक समजून जपली होती. त्यांच्या चालवण्यात कोणी खोट काढलीच, तर ते त्या माणसाशी बोलणं टाकायचे. असे बोलणं टाकलेले दोघेतिघे अजून गावात होते.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला ताई म्हणायचे. ताई मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होती आणि तिच्याकडे काम होतं ब्रेकचं. पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशी दोन्ही असलेली नवी गाडी कारखान्याने काढली, तेव्हा तिच्या ब्रेकची सगळी जुळवाजुळव ताईने केली होती. पहिल्या खेपेतली एक गाडी तिने वडिलांच्या दारात आणून उभी केली, आणि तेव्हापासून अण्णांनी गल्लीला वात आणला. गाडी पेट्रोल किती खाते असं कोणी विचारलं, तरी उत्तर यायचं, ‘ब्रेक आमच्या ताईचा आहे.’ शेवटी शेजारचे निवृत्त मास्तर अण्णांना बघून फाटकातूनच परत फिरायला लागले.

एका दुपारी अण्णा बायकोला दाताच्या डॉक्टरकडून आणायला निघाले. बाजाराकडे जाणारा रस्ता उताराचा, जुन्या दगडी फरशीचा, आणि खाली चौक. सिग्नल लाल होता, माणसं रस्ता ओलांडत होती. अण्णांनी नेहमीसारखा ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हळू झाली. चाकं खडबडीत फरशीवर आली मात्र, आणि मागून कोणीतरी ढकलावं तशी गाडी पुढे सुटली. अण्णांनी पुन्हा ब्रेक दाबला. क्षणभर धरल्यासारखं झालं आणि पुन्हा सुटली. समोर हातात पिशव्या घेतलेली एक बाई थिजून उभी राहिली होती. अण्णांनी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात घातली.

दुकानाबाहेर रचलेले डबे फुटले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण गाडी निम्मी हिरवी झाली आणि अण्णांच्या एका बाहीला पिवळा रंग लागला. गर्दी जमायला कितीसा वेळ लागतो? त्या गर्दीतून पहिलं वाक्य आलं ते हे, की आजोबांनी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. दुसऱ्याने मान डोलावली, तिसऱ्याने आपल्या सासऱ्यांचा असाच किस्सा सांगायला घेतला. अण्णांचं डोकं भडकलं. ब्रेक धरला नाही, असं ओरडून सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तो ब्रेक कोणाचा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. गल्लीत प्रत्येकाला ते ठाऊक होतं. त्यांनीच ते घरोघरी पोचवलं होतं.

“हो,” अण्णा म्हणाले. “माझाच पाय चुकला.”

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. लोक हसले असते तर अण्णांनी सोसलं असतं, पण लोक सांभाळून घ्यायला लागले. रंगाच्या दुकानदाराने नुकसानीचा विषयसुद्धा काढला नाही आणि वर खुर्ची दिली. मास्तर आता फाटकातून परत फिरायचे नाहीत, उलट रस्ता ओलांडताना अण्णांचा दंड धरायचे. वय झालं की असं व्हायचंच, हे वाक्य जो तो त्यांना प्रसाद दिल्यासारखं देत होता. अण्णा गिळत होते. रात्रंदिवस एकच गोष्ट मनात घोकत होते, की पोरीचं नाव निघता कामा नये.

त्यांचं बिंग फोडलं ते बायकोने. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण नवरा पुरता कळत होता. तिने मुलीला फोन करून सांगितलं की तुझ्या वडिलांनी ‘माझं चुकलं’ असं म्हटलंय, चारचौघांत म्हटलंय, आणि लग्न झाल्यापासून हे मी पहिल्यांदा ऐकतेय. तेव्हा एक तर त्यांच्या डोक्याला मार लागलाय, नाहीतर ते खोटं बोलतायत.

सुट्टीच्या दिवशी ताई आली. आल्याआल्या पर्स खुंटीला लावायची तिची सवय, पण त्या दिवशी ती पर्ससकट जेवणाच्या टेबलाशी वडिलांसमोर येऊन बसली. चहाचा कप तिने बाजूला सारला.

“अण्णा, मी गाडी तपासून आले. कुठलं पेडल कधी दाबलं ते गाडीत नोंदलं जातं. अ‍ॅक्सिलरेटरला तुमचा पाय लागलेलाच नाही.”

यंत्रंसुद्धा चुकतात, असं काहीतरी अण्णा पुटपुटले.

“मग लोकांना खोटं का सांगितलंत?”

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. ती ओट्याशी पाठ करून भांडी पुसत होती, म्हणजे कान टवकारून ऐकत होती. तिकडून मदत येणार नाही हे त्यांना कळलं.

“ब्रेक तुझा आहे हे मीच गावभर सांगत सुटलो होतो,” ते म्हणाले. “मग तो धरला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?”

ताईला एकाच वेळी रडूही आलं आणि रागही आला. ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली. ज्या माणसाने एका टोमण्यावरून सख्ख्या मित्राशी बोलणं टाकलं होतं, तो तिच्यासाठी सगळ्या गल्लीची कीव झेलत बसला होता. तिला बापाचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता, आणि त्याच्यावर इतकं चिडावंसंही कधी वाटलं नव्हतं. तिने नाक पुसलं आणि सरळ कामाचं विचारलं, की ब्रेक नेमका कसा दाबलात ते करून दाखवा.

अण्णांनी चप्पल काढली आणि टेबलाखाली फरशीवर पाऊल टेकलं. टाच तशीच ठेवून चवडा हलकेच दाबला, उचलला, पुन्हा जरा जास्त दाबला, पुन्हा उचलला. ताई खाली वाकून बघत होती. तिने पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. इतका हलका का, तर बसमध्ये माणसं उभी असतात. आणि मध्ये पाय का उचलता, तर जुन्या बसचा ब्रेक एका दाबात धरायचाच नाही, त्याला दोनतीनदा पायाने जागं करावं लागायचं. ब्रेक दाबणं म्हणजे अण्णांच्या लेखी हेच होतं. वेगळं सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

ताई मटकन खुर्चीत बसली. गाडीच्या नोंदीत तिला हेच दिसलं होतं, दाब, सोड, दाब, सोड, आणि कचेरीत सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच लावला होता, की आजोबा घाबरले आणि पाय थरथरला. तिने वडिलांना समजावून सांगितलं. या गाडीत ब्रेक हलका दाबला, तर चाकाला आधी मोटर आवरते आणि त्यातून बॅटरी भरते. जोरात दाबला, तर नेहमीचे ब्रेक चाकाला धरतात. चाक खडबडीत जागेवर घसरलं, की मोटर सोडते आणि त्याच क्षणी ब्रेकनी धरायचं, असा बेत होता. पण पाय अगदी हलका असेल तर मधे एक फट राहत असावी, आणि त्या फटीत पाय उचलून पुन्हा दाबला, की गाडी पुन्हा मोटरपासून सुरुवात करत असावी. कारखान्यातले चाचणीवाले ब्रेक दणकून दाबतात आणि दाबून धरतात. हळुवार दाबणारा माणूस त्यांच्यात एकही नव्हता.

“म्हणजे फट आहे की नाही, नक्की नाही,” अण्णा आशेने म्हणाले.

ते बघायला तुमचा पाय लागेल, असं ताईने सांगितलं.

ताईचे साहेब भले होते, पण गाड्या बाजारात गेल्या होत्या आणि वरून शाबासकी आली होती. वडिलांच्या मायेपोटी पोरगी वाहवत चालली आहे, असं त्यांना वाटत होतं. तरी त्यांनी परवानगी दिली आणि स्वतः मागच्या सीटवर येऊन बसले. कारखान्याच्या मागे चाचणीचा रस्ता होता, त्यावर एक उतार, उतारावर खडबडीत दगड आणि शेवटी थांबायच्या जागी रबरी खुणांची आडवी रांग. ताई रांगेच्या बाजूला उभी राहिली.

आता अण्णांनी घरून निघतानाच मनाशी ठरवलं होतं की आज गाडी थांबलीच पाहिजे. उतार आला आणि त्यांनी ब्रेक असा हाणला की साहेबांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. गाडी जागच्या जागी थांबली. दुसऱ्या फेरीलाही तेच. ‘बघा, ब्रेक उत्तम आहे,’ असं साहेब कपाळ चोळत म्हणाले, आणि अण्णांनी जोरजोरात मान हलवली. इतकं भिकार ब्रेक लावणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

ताई चालत खिडकीशी आली आणि वाकली. बापाचा चेहरा तिने नीट न्याहाळला.

“मला वाचवू नका, अण्णा,” ती हळू आवाजात म्हणाली. “बस भरलेली आहे, माणसं उभी आहेत असं समजा, आणि तुम्हाला येतं तसं चालवा. माझा ब्रेक तुमच्या पायाला पुरला पाहिजे. नाही पुरला, तर कारखान्याबाहेर न्यायच्या लायकीचा नाही तो.”

अण्णांनी गाडी मागे घेतली. उतारावर येईपर्यंत त्यांना मुलीचं काय होईल एवढंच दिसत होतं. मग तिचं बोलणं आठवलं, आणि लहानपणी बसच्या पहिल्या सीटवर बसून आपल्या पायाकडे टक लावून बघणारी ती आठवली. त्यांनी चवडा अलगद टेकला. उभ्यातल्या एकालाही धक्का बसणार नाही असा, आयुष्यभराच्या सवयीचा. चाकं दगडांवर आली आणि गाडी सुटली. त्यांनी पाय उचलून पुन्हा दाबला, ती पुन्हा सुटली. खुणांची रांग दोन्ही बाजूंना उडाली. पार पुढे गेल्यावर अण्णांनी जोरात ब्रेक दाबून गाडी थांबवली.

मागे साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी आणखी एकदा करायला सांगितलं, आणि तेच झालं. मग ते खाली उतरले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. बाजारात गेलेल्या सगळ्या गाड्या परत बोलवाव्या लागतील आणि वरच्या लोकांना हे सांगायला कोण जाणार, असं ते अर्धं स्वतःशीच म्हणाले.

“मी जाते,” ताई म्हणाली. “जुळवणी माझी होती. चूक माझी आहे.”

अण्णा स्टेअरिंग धरून बसून होते. गाडी दारात आली त्या दिवशीही त्यांची छाती फुगली होती, पण तो आनंद फुकटातला होता, हे त्यांना आता उमगलं. डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

पुढचे काही महिने ताईला कठीण गेले. वरच्या मंडळींनी तिला फैलावर घेतलं, होऊ घातलेली बढती लांबली आणि नवी जुळवणी तिलाच करून द्यावी लागली. ती बापाच्या पायाला पुरेल अशी होईपर्यंत तिने अण्णांना उतारावरून इतक्या फेऱ्या मारायला लावल्या, की शेवटी तेच वैतागले. मग कारखान्याने गाड्या परत बोलावल्या.

अण्णा आपली गाडी घेऊन दुरुस्तीला गेले तेव्हा तिथे माणसं खोळंबून बसली होती. शेजारच्या खुर्चीवरचा एक टाय लावलेला गृहस्थ फार तापला होता. ज्या गाढवाने हा ब्रेक केला त्याला एकदा समोर उभं करा म्हणजे झालं, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

“माझ्या मुलीने केलाय,” अण्णा म्हणाले.

सगळे वळून बघायला लागले. गृहस्थ ओशाळला, मग सावरून म्हणाला की आजोबा, तुमची मुलगी असली तरी चूक ती चूकच.

“चूकच. माझी गाडी त्याच्यापायी रंगाच्या दुकानात गेली,” अण्णा म्हणाले. “पण कोणाला पत्ता नव्हता. तुम्हाला नाही, कंपनीला नाही. मी तर माझाच पाय चुकला म्हणून सांगून टाकलं होतं, ते तिला सहज खपू देता आलं असतं. तिने शोधून काढलं आणि वर जाऊन सांगितलं की माझं चुकलं. मी जन्मात एकदाच तसं म्हणालो, आणि तेही खोटं. ती खरं बोलली.”

गृहस्थाने टायची गाठ सैल केली. आतून अण्णांच्या गाडीचा नंबर पुकारला गेला. अण्णांनी तो ऐकला, पण ते जागचे हलले नाहीत. मुलीबद्दल त्यांना अजून बरंच सांगायचं होतं.