ब्लेडनं खरवडलेली वस्ती

प्रोफेसर हॅलोरन यांचं फिजीच्या राजधानीत, सुव्यात, मोठं नाव. नगररचना कशी शिकवावी यावर त्यांनी दोन जाड पुस्तकं लिहिलेली, आणि ‘शहर हीच शाळा’ हे त्यांचं वाक्य कॉलेजच्या भिंतीवर रंगवलेलं. आवाज कधी चढवायचे नाहीत. गोगलगाय नि पोटात पाय, असला माणूस.

शेवटच्या परीक्षेसाठी त्यांच्या विद्यार्थिनीनं, अकानिसीनं, खाडीकाठचा नकाशा केला. घर असेल तिथे काळा ठिपका, मोकळी जमीन पांढरी. खारफुटीतल्या तिरी नावाच्या वस्तीचे दोनशे चौदा ठिपके तिनं शाईनं भरले. त्यातलाच एक तिच्या आईच्या पत्र्याच्या घराचा. त्या वस्तीतून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच.

तपासणीला सरांनी वस्तीवर बोट ठेवलं. “हे काय?”

“घरं, सर.”

“परवाना आहे?”

“नाही. पण माणसं राहतात.”

“साळुंक्याही राहतात. त्यांची घरटी आपण नकाशात भरतो का?”

वर्ग हसला. सरांनी खिशातून ब्लेड काढून तिच्यापुढे ठेवलं. ट्रेसिंग कागदावरची शाई खरवडूनच निघते. अकानिसी कुठे राहते हे सरांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही त्यांचीच होती.

“स्वतःचं घर खरवडता आलं,” ते मायेनं म्हणाले, “की तू नगररचनाकार झालीस.”

नापास झाली तर शिष्यवृत्ती संपणार होती. तिनं खरवडलं. आईचं घर शेवटपर्यंत ठेवलं, मग तेही काढलं. कागद फाटला नाही याचं सरांनी कौतुक केलं. ती वर्गात पहिली आली.

सरांनी नगरपालिकेला दिलेला तोच नकाशा दोन महिन्यांनी तिच्या नोटिशीसकट वस्तीतल्या चर्चच्या भिंतीवर लागला. खाडीकाठची मोकळी जमीन तीस दिवसांत साफ होणार होती. नोटीस इंग्रजीत, त्यामुळे बहुतेकांना कळली नव्हती. पण रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात आरेखन करणाऱ्याचं नाव होतं, आणि ते आईला वाचता आलं.

रविवारी अकानिसी घरी आली, तेव्हा प्रार्थना संपवून सगळी वस्ती त्या भिंतीशी जमली होती. “माझ्या पोरीचं नाव छापलंय,” आई ज्याला त्याला सांगत होती. इंग्रजी येणारे पाद्री तेवढे बाजूला उभे होते. अकानिसीनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

“आता दाखव गं, आपलं घर कुठलं?”

अकानिसीनं पांढऱ्या कागदावर बोट टेकवलं.

आईनं वाकून पाहिलं. “छापताना राहिलं असेल,” ती तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. “तू सांग त्यांना. तुझं ऐकतील.”